माहुलीच्या पायथ्याचा पाहुणचार

मृगाच्या पहिल्याच आठवड्यांत शेतकऱ्यानें घर सोडून सहकुटुंब सहलीस जावें, हें ऐकून आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस हसूं येईल, व तें येणें रास्तच आहे. परंतु शहरांत चाकरी करणाऱ्या मुलाची रजा नक्षत्र पाहून मिळत नाहीं. नातवंडांच्या शाळा उघडण्यापूर्वींचे तीन दिवस तेवढे सर्वांस मिळून मोकळे होते. आमच्याकडील पेरणीची तयारी झालेली होती आणि पाऊस अजून आमच्या बाजूस यावयाचा होता. तेव्हां सुनेनें बेत ठरविला आणि आम्हीं मान डोलविली. स्थळहि तिनेंच मोबाइलवर शोधून काढलें.

शहापूर तालुक्यांत माहुली किल्ल्याच्या पायथ्याशीं एका शेतकऱ्यानें आपल्या साडेचार एकरांच्या वरच्या अंगास चार खोल्या बांधून पाहुण्यांची सोय केली आहे. शहरांतील लोक अशा जागेस इको-लॉज म्हणतात. गांवांत तिला नुसतें ‘पाहुण्यांचें घर’ म्हणतात, आणि आम्हांस तें नांव अधिक बरें वाटलें. यजमानांचें नांव येथें देत नाहीं. घरच्या माणसापुढें प्रपंचाचा हिशेब मांडावा तसा त्यांनीं तो आमच्यापुढें मांडला. नांवाखेरीज बाकीचें लिहिण्यास त्यांची हरकत नाहीं.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलनें आसनगांवास उतरलें कीं माहुलीची रांग समोर उभी राहते. तिच्या अंगास जे उंच सुळके आहेत त्यांस लोक नवरा, नवरी आणि भटोबा म्हणतात. मग वऱ्हाड कोठें आहे, असें आमच्या नातवानें विचारतांच रिक्षावाल्यानें मागें वळून आमच्याच बोचक्यांकडे बोट दाखविलें. गडाची उंची सुमारें २,८०० फूट. १६३६ सालीं शहाजीराजांनीं अल्पवयी निजामशहास घेऊन याच गडाचा आश्रय केला होता, आणि मोगलांच्या वेढ्यांत निजामशाहीचा शेवट येथेंच झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत माहुली मोगलांकडे गेली व १६७० मध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं ती परत घेतली. हें सर्व आमच्या मुलानें नातवंडांस सांगितलें. त्यांचें लक्ष मात्र बांधावरच्या खेकड्यांकडे होतें.

घरांत डोळ्यांत भरण्याजोगें कांहीं नाहीं. जोतें दगडाचें, भिंती विटांच्या, वर मंगलोरी कौलें, पुढें लांब पडवी, आणि खाटांवर घरीं शिवलेल्या गोधड्या. पडवीसमोर खाचरें, आणि खाचरांपलीकडे ऐन, साग, मोह, पळस यांचें रान. हा सर्व डोंगर तानसा अभयारण्यांत मोडतो. त्यामुळें रानांत कुऱ्हाड चालविण्यास मनाई आहे, आणि म्हणूनच तें रान पडवीवरून दिसतें.

पहिल्या रात्रीं ताटांत तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें आणि शेवळांची भाजी होती. शेवळें हीं सुरणाच्या जातीचीं. पहिला पाऊस लागतांच त्यांचे लांबट जांभळे कोंब रानांत जमिनीबाहेर येतात आणि थोड्याच दिवसांत त्यांचा हंगाम संपतो. नुसतीं शिजवून खाल्लीं तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून त्यांत काकडाचीं आंबट फळें घालावीं लागतात. गंमत ही कीं, काकडाचें झाडहि त्याच रानांत असतें व त्याचीं फळें त्याच दिवसांत हातीं लागतात. सुनेनें भाजीचें छायाचित्र काढलें, तेव्हां यजमानांच्या आई पदर तोंडाशीं धरून हसल्या. “आम्हांला भाजीला पैका नसला कीं आम्ही ही खातो,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही पैका देऊन खातां.”

जेवणानंतर काजवे पाहण्यास बाहेर पडलों. ज्यांनीं मृगाच्या तोंडावर कोंकणपट्टींतील वा घाटाखालील रान पाहिलें आहे त्यांस वर्णनाची गरज नाहीं. एक झाड उजळतें, विझतें, आणि लगेच दुसऱ्यास जणूं निरोप जातो. पण हा प्रकार घराच्या एकाच बाजूस चालला होता. दुसऱ्या बाजूस, बांधाला बांध लागून, उंच कुंपणाआड एक बंगला आहे. त्याच्या चारी कोपऱ्यांवर मोठे दिवे रात्रभर जळतात आणि त्या उजेडांत एकहि काजवा नव्हता. बंगल्याचा मालक शहरांत असतो व वर्षांतून चार-सहा वेळां येतो. फाटकाशीं बसलेल्या राखणदारानें आम्हांस रामराम केला. यजमान क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हे आमचे थोरले बंधु.”

ती हकीकत दुसऱ्या दिवशीं थोरल्या बंधूंनींच सांगितली. वांटणींत त्यांच्या वांट्यास आलेलें चार-साडेचार एकर त्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं विकलें. मुलीचें लग्न झालें, घरावर स्लॅब पडली, मोटारसायकल आली. “जमीन गेली म्हणून पैका आला,” ते म्हणाले, “पैका गेला म्हणून नोकरी आली. तीहि त्याच जमिनीवर.” हें ते कडवटपणानें बोलले नाहींत, उलट हसतच बोलले, आणि म्हणून आम्हांस तें अधिक लागलें.

शेतकरी नसलेल्या माणसास शेतजमीन घेतां येऊं नये म्हणून १९४८ च्या कुळकायद्यांत कलम ६३ घातलेलें आहे. परंतु ज्या शहरवासीयाच्या नांवावर कोठें तरी एखादा सातबारा आहे त्यास तें कलम आड येत नाहीं, आणि असे लोक थोडे नाहींत. त्यांत ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तोहि याच तालुक्यांतून जातो. यजमानांच्या दारीं दलालाची फेरी महिन्यांतून एकदां तरी असते. त्यांचा धाकटा मुलगा या भावानें विकून टाकावें अशा मताचा आहे, आणि त्याचें म्हणणें अगदींच अडाणीपणाचें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. साडेचार एकर भातावर दोन मुलांचे संसार उभे राहत नाहींत, हें गणित त्यास आपल्याइतकेंच येतें. पाहुण्यांच्या चार खोल्या म्हणजे या मुलास बापानें दिलेलें उत्तर होय. तें पुरेसें आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

पहांटे उठून आम्ही यजमानांबरोबर राबाकडे गेलों. घाटावरील वाचकांसाठीं सांगतों कीं, या भागांत भाताचें रोप करण्याची जागा आधीं भाजून घेतात. शेण, वाळलेला टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर जमिनीवर पसरून वर बारीक माती टाकतात, आणि उन्हाळ्यांत वाऱ्याच्या उलट बाजूनें पेटवितात, म्हणजे आग धीमेपणानें सरकते. तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते, राखेचें खत मिळतें. या टहाळासाठीं झाडें छाटण्यावरून इंग्रजी अमदानींत जंगल खातें व ठाणें-कुलाब्याचे शेतकरी यांच्यांत मोठा तंटा झाला होता. १८८५ सालीं नेमलेल्या मुंबई जंगल कमिशनपुढें राबाचा प्रश्न मुख्य होता. आज छाटणीस मनाई आहे, मजूरहि नाहीं, आणि राब वर्षागणिक लहान होत चालला आहे.

याच कारणानें यजमानांनीं एका अर्ध्या एकरांत राबहि केला नाहीं आणि तेथें चिखलणी व लावणीहि करावयाची नाहीं असें ठरविलें आहे. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यांत, नेरळजवळ, चंद्रशेखर भडसावळे यांनीं प्रचारांत आणलेलें ‘सगुणा भात तंत्र’ त्यांनीं तेथें घेतलें आहे. एकदां गादीवाफे करावयाचे, लोखंडी सांच्यानें ठराविक अंतरावर भोंकें पाडून त्यांतच बीं टाकावयाचें, आणि कापणीनंतर मुळें जमिनींतच राहूं देऊन पुढच्या वर्षीं नांगर न घालतां त्याच वाफ्यावर पुन्हां टोकणी करावयाची, असा त्याचा सारांश. तणासाठीं तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, ही त्यांतील आम्हांस न आवडलेली बाजू. परंतु यजमानांनीं तें घेण्याचें कारण निराळेंच होतें, आणि तें आम्हीं पूर्वीं कोठें वाचलें वा ऐकलें नव्हतें.

तें असें. शहरांतला पाहुणा डोंगराच्या पायथ्याशीं मुख्यतः पावसाळ्यांत येतो. धबधबे, धुकें, हिरवळ हेंच त्यास पाहावयाचें असतें. आणि लावणीहि त्याच दिवसांत येते. आषाढांत खोल्यांस सर्वांत अधिक मागणी असते, नेमक्या त्याच पंधरा-वीस दिवसांत यजमान खोल्या बंद ठेवतात. ही अट त्यांच्या पत्नीनें घातलेली आहे. “खाचरांत वांकायचं आणि चुलीपुढंहि वांकायचं, दोन्ही एका कंबरेनं होत नाहीं,” असें त्या बाईंनीं आमच्या कुटुंबास सांगितलें. आतां अर्ध्या एकरांत लावणी टळली आणि तें साधलें, तर पुढील वर्षीं दोन खोल्या तरी उघड्या ठेवतां येतील, असा त्यांचा अंदाज आहे. पाहुण्यांचा धंदा काढूं इच्छिणाऱ्यानें खोल्यांच्या आधीं घरांतील बाईमाणसाच्या दिवसाचा हिशेब करावा. पाहुणे वाढले कीं उत्पन्न घरधन्याच्या नांवें जमा होतें आणि काम घरधनिणीच्या. येथें ठाकूरपाड्यांतील दोन बायांस रोजानें लावून घेतलेलें आहे. हा खर्च आम्हीं चैनीचा मानीत नाहीं.

आतां एक गोष्ट सांगावयाची आहे. ती आमच्याच घरच्या दोषाची आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवानें न्हाणीघरांतील नळ उघडाच टाकला आणि तो मुलांबरोबर ओढ्याकडे पळाला. तासाभरानें कोणाच्या लक्षांत आलें तों वरची टांकी रिती झाली होती. विहिरींत मोटार चालेल एवढें पाणी नव्हतें. डोंगरावर वळीव पडले होते, पण विहिरीस अजून झरा फुटला नव्हता. यजमान कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या आईनें व एका बाईनें हातपंपावरून हंडे आणण्यास आरंभ केला, आणि तो पंप घरापासून चांगल्या दोन शेतांवर होता. तेव्हां आमच्या मुलानें, सुनेनें आणि नातवंडांनींहि कळशा उचलल्या. नातवानें चार खेपा केल्या. पांचवीस त्याच्या हातून अर्धी कळशी सांडली, आणि त्यास कोणी रागावण्याच्या आधींच तो रडूं लागला.

पंधरा दिवसांपूर्वींपर्यंत त्या वाडीस टँकर येत होता. हें लिहितांना आमची लेखणी अडखळते, कारण याच तालुक्यांत तानसा धरण आहे, तें १८९२ पासून मुंबईस पाणी देत आलें आहे. आणि याच तालुक्यांत भातसा धरण आहे, त्या एकट्याचा मुंबईच्या रोजच्या पाण्यांत जवळजवळ निम्मा वांटा आहे. पाऊस तर शंभर इंचांच्या आसपास पडतो. पण खालीं काळा फत्तर, वर उतार. आलेलें पाणी चार महिन्यांत वाहून जातें आणि माघ-फाल्गुनांत विहिरी बोलूं लागतात. मुंबईचा पाहुणा डोंगराचें पाणी पाहावयास येतो, तेव्हां त्या डोंगराचें पाणी त्याच्या आधींच त्याच्या घरीं जाऊन पोंचलेलें असतें. नातवास हें आम्हीं सांगितलें. त्यानें विचारलें, “मग आपण येथें नळ कां लावतों?” यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

परंतु हिशेब मात्र होता, आणि तो त्या दुपारीं पडवींत बसून यजमानांबरोबर केला. चार खोल्यांचें व पडवीचें मिळून कौलारू छप्पर सुमारें हजार चौरस फुटांचें आहे. शंभर इंच पावसांत एवढ्या छपरावर सव्वादोन लाख लिटरांहून अधिक पाणी पडतें. आज तें सगळें पागोळ्यांवाटे ओढ्यास जातें. सारें सांठविणें आवांक्याबाहेरचें आहे हें उघड आहे. पण पन्हळ लावून, पहिल्या पावसाचें मळकें पाणी सोडून देऊन, त्यांतील पन्नास हजार लिटर जरी जमिनीखालील टांक्यांत धरलें, तरी रोज पांचशें लिटरांच्या बेतानें तें शंभर दिवस पुरतें. म्हणजे फाल्गुन, चैत्र आणि वैशाख निघतात. टाक्याच्या बांधकामाचा खर्च मोठा आहे. तो ऐकून यजमान गप्प बसले. धाकटा मुलगा तेथेंच दाराशीं उभा होता, तो म्हणाला, “यासाठीं कर्ज मिळत असेल तर मीं बघतों.” त्याच्या तोंडून जमिनीवर पैसा घालण्याची भाषा आम्हीं प्रथमच ऐकली, असें यजमान मागाहून म्हणाले.

तिसऱ्या दिवशीं मुरबाडकडे निघालों. तेथील आमच्या जुन्या परिचयाचे एक शेतकरी गोरखगडाच्या पायथ्याशीं राहतात. वाट किन्हवली, सरळगांव, मुरबाड, म्हसा अशी. पाहुणा हा या मुलखास नवा नव्हे. जुन्नरचा माल कल्याण बंदराकडे सातवाहनांच्या काळापासून याच तालुक्यांतून, नाणेघाटानें उतरत असे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून आहे. म्हशास पौष पौर्णिमेस जी यात्रा भरते तिच्या बैलबाजारास आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण गेले असतील. तेथील घोंगडी अजून आमच्या घरीं आहे. वाटेनें डावीकडे सिद्धगडाचा डोंगर दिसला. तेथें २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आलें. भाई कोतवालांनीं त्यापूर्वीं कर्जतच्या बाजूस शेतकऱ्यांसाठीं धान्याच्या पेढ्या चालविल्या होत्या, ही गोष्ट त्यांच्या बलिदानाइतकी लोकांच्या स्मरणांत राहिलेली नाहीं.

परिचित गृहस्थांचा अनुभव माहुलीच्या यजमानांहून उलटा आहे. त्यांच्या खाचरांशेजारून ओढा वाहतो व वरच्या अंगास धबधबा आहे. तेथें येणाऱ्या गर्दीस त्यांनीं बोलाविलेलें नसतें, तिच्यापासून त्यांस दमडी मिळत नाहीं, आणि लावणीच्या वेळीं चिखलांत बाटल्यांच्या काचा मात्र सांपडतात. गेल्या वर्षीं एका मजुरणीचा पाय असा फाटला कीं तिचा अख्खा हंगाम गेला. आतां ते म्हणतात, लोक येणारच असतील तर ते आपल्या अंगणांतून यावेत. हिवाळ्यांत ते भेंडी करतात. त्या दिवसांत एक दिवसाचे पाहुणे घ्यावे, शेत दाखवावें, जेवूं घालावें, भाजी-तांदूळ दारांत विकावा आणि सायंकाळीं निरोप द्यावा, मुक्काम ठेवूं नये, असा त्यांचा विचार आहे. भात निघालेला, बाईमाणसें थोडी मोकळीं, विहिरीस पाणी: या तिन्ही दृष्टींनीं कार्तिक ते पौष हा काळ आम्हांस पावसाळ्याहून शतपट सोयीचा वाटतो. पाहुण्यास त्याची गोडी लावणें तेवढें राहिलें आहे.

राज्य सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें, त्याअन्वयें निदान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यास, तसेंच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस, पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करतां येते. आमच्या परिचितांनीं अर्ज भरून ठेवला आहे. संस्थांचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला. एकेकट्यानें टांकें बांधण्यापेक्षां, बाया लावण्यापेक्षां, जाहिरात करण्यापेक्षां एका वाडींतील पांच-सहा खातेदार मिळून हें काम करतील तर दलालास दारें बंद झालेलीं दिसतील. निदान त्यास पांच-सहा दारीं जावें लागेल.

निघतांना माहुलीहून दहा किलो हातसडीचा तांदूळ आणि वरीची एक लहान पिशवी घेतली होती. व्यापाऱ्याच्या भावाहून यजमानांस त्याचे बरेच अधिक मिळाले, आणि आम्हांस शहरच्या दुकानाहून स्वस्त पडलें. त्या रात्रीं घाटाखालीं जोराचा पाऊस झाला. दोन दिवसांनीं धाकट्या मुलाचा फोन आला: राबावर बीं टाकलें, विहीर हातभर चढली, आणि टाक्याचें काय झालें?

तरी आमच्या ज्या सभासदांनीं कोंकणपट्टींत वा मावळांत छपराच्या पाण्याचें टांकें स्वतः बांधून तीन-चार उन्हाळे वापरलें असेल, त्यांनीं त्याचीं मापें, दगड-सिमेंटाचा खर्च, गळती लागली असल्यास तिचा उपाय आणि कर्ज मिळालें असल्यास कोणत्या कामाखालीं मिळालें तें कृपा करून कळवावें. उत्तरें या मासिकांत छापूं, आणि एक प्रत माहुलीस पाठवूं.